डोमाजीचा डोंगर

डोमाजी मुकादमानं नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला भर रस्त्यात बूट काढायला लावले. महिना मे, वेळ दुपारी दोनची, गाव नागपूर. नागपूरकराला एवढं सांगितलं की पुरे. बाकीच्यांसाठी सांगतो, त्या वेळी आमच्याकडे कुत्रंसुद्धा नाली सोडून बाहेर येत नाही. मी नुकताच इंजिनियर होऊन रस्त्यांच्या खात्यात लागलो होतो. बूट नवे होते, पॉलिशही घरून करून आलो होतो. धरमपेठेतला एक रस्ता महिन्याभरापूर्वी डांबरला होता, तो तपासायला मला पाठवलं होतं. रस्ता तपासतात कसा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्यामुळे मी वाकून, डोळे बारीक करून, इकडून तिकडून पाहण्याचं नाटक करत होतो.

"साहेब, बूट काढा न जरा," मागून आवाज आला.

"काहून?" मीही नागपूरचाच, तोंडातून तेच निघालं.

"रस्ता पायाले समजते. बुटाले काय समजते?"

खोटं कशाला बोलू, मला रागच आला होता. पण समोर पन्नाशी उलटलेला, वाळका, काळाभोर माणूस स्वतः अनवाणी उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर चेष्टेचं चिन्ह नव्हतं. मी बूट काढले, मोजे काढले, पाऊल टेकवलं आणि सरळ नाचायलाच लागलो. डांबराच्या गँगमधल्या बाया पदर तोंडाला लावून हसू दाबत होत्या. हा मात्र समाधानानं मान हलवत होता.

"पास आहे रस्ता. तुमी नाचून राहिले न, म्हनजे पास. चिकटले असते तं नापास."

ही डोमाजीची परीक्षा. खात्याच्या प्रयोगशाळेत डांबरात सुई किती शिरते ते मोजायचं एक यंत्र होतं. डोमाजीचा भरवसा तळपायावर. पुढच्या पाच वर्षांत मी दोन्ही निकाल ताडून पाहिले, एकदाही वेगळे आले नाहीत. फरक एवढाच की यंत्राचा कागद यायला चार दिवस लागायचे आणि डोमाजीला चार पावलं पुरायची.

दिसायला त्याच्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. खाकी हाफपँट, बनियन, डोक्यावर टोपी. टोपी मुळात पांढरी होती असं तो सांगायचा, आणि खात्री पटवायला ती उलटी करून आतली बाजू दाखवायचा. हातांवरचं डांबर तो रॉकेलनं धुवायचा, रॉकेलचा वास साबणानं, आणि लग्नकार्य असेल तर साबणावर अत्तर लावायचा. त्या सगळ्याचा मिळून जो वास यायचा तो एकट्या डांबरापेक्षा फार वाईट होता, पण हे त्याला सांगायची कुणाची छाती नव्हती. गाव त्याचं पारशिवनीकडचं. घरी थोडं वावर होतं, ते भाऊ करायचा. हा तरुणपणी रस्त्याच्या कामावर आला आणि रस्त्याचाच होऊन बसला. सायकलवरून जाताना तो मधेच हँडल हलवून सांगायचा, "हा तुकडा घाईत केला आहे," किंवा, "याले रोलर कमी बसला." आपण मान डोलवायची. विरोध केला तर तो सायकल थांबवून आपल्याला बूट काढायला लावायचा.

आणि त्याला एक वेड होतं. जुना रस्ता उखडला की त्याच्या काळ्या खपल्या निघतात. खडी आणि डांबर एकमेकांना धरून बसलेलं असतं, आणि सगळं खातं ते कचरा समजून कुठल्यातरी खड्ड्यात लोटतं. डोमाजी लोटू द्यायचा नाही. शहरात कुठंही रस्ता उखडला की रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमध्ये तो त्या खपल्या भरून घ्यायचा आणि आमच्या डेपोच्या मागच्या भिंतीशी आणून टाकायचा. मी लागलो तेव्हाच तो ढीग भिंतीच्या वर गेलेला होता. पुढे तर त्यावर निंबाचं एक झाड उगवलं. आम्ही त्याला डोमाजीचा डोंगर म्हणायचो. नवीन माणसाला डेपोचा पत्ता सांगतानाही तसंच सांगायचो.

"हे काय करायचं आहे तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

त्यानं एक खपली उचलली, नाकाशी नेली, मला हुंगायला दिली. मला कशाचाच वास आला नाही.

"मेलं नाही हे, साहेब. डांबर मरत नाही, वाळते. आतलं तेल जाते न, म्हनून कडक होते आन तडकते. म्हाताऱ्या मानसाचं होते तसंच. याले नव्या डांबराचं थोडं तेल द्या, थोडं रबर चारा. परत धावते का नाही पाहा."

हे रबराचं खूळ त्याला कुठून लागलं ते त्यालाच ठाऊक. टायर रिमोल्ड करणाऱ्या दुकानात जुना टायर घासला की खाली रबराचा भुसा पडतो. डोमाजी तो पोत्यात भरून सायकलच्या कॅरिअरवर आणायचा. मग जेवणाच्या सुटीत एका फुटक्या पिंपात नवं डांबर तापवायचं, त्यात तो भुसा मूठमूठ सोडायचा आणि लोखंडी पळ्यानं तास न् तास घोटत बसायचं. भुसा विरघळला की त्यात खपल्या फोडून टाकायच्या. वास असा सुटायचा की डेपोसमोरच्या चहावाल्यानं दोनदा ठेला हलवला. डोमाजीनं भाकर खायची ती त्या पिंपाजवळच बसून, एका हातानं घोटत.

सुरुवातीचे प्रयोग फसले. फसलेला माल टाकून द्यायचा जीव होईना, म्हणून त्यानं तो आपल्या खोलीसमोरच्या अंगणात पसरला. नेमकी त्याच उन्हाळ्यात त्याच्या मोठ्या मुलीला पाहायला माणसं आली. मुलाचा बाप बुटीबोरीकडचा शेतकरी, भारदस्त गडी, पायात नवी कोरी चामडी चप्पल. मला साहेब म्हणून शोभेला बोलावलं होतं. चहापोहे झाले, मुलगी पसंत पडली, पाहुणे निघाले. मुलाचा बाप अंगणात तीन पावलं चालला. चौथ्या पावलाला चप्पल मागेच राहिली आणि तो एकटाच पुढे गेला. परत फिरून ओढायला गेला तर चपलेचा अंगठा हातात आला.

डोमाजीची बायको कपाळाला हात लावून भिंतीशी बसली. सगळे डोमाजीकडे पाहत होते, की आता हा हात जोडेल, काही बोलेल. डोमाजी गुडघ्यांवर बसला होता आणि चपलेच्या शेजारी बोट दाबून पाहत होता.

"कच्चं राहिलं," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "भुसा दोन तास अजून शिजायले पाहिजे होता."

मुलाचा बाप भला माणूस निघाला. अनवाणी उभा राहून तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. लग्न त्याच महिन्यात झालं. ती चप्पल काही निघाली नाही. पुढे दोन उन्हाळे तिचा तळ अंगणातच होता, आणि लेक माहेरी आली की तो झाडायची.

तर असा हा माणूस, आणि असा त्याचा डोंगर. त्याच्या निवृत्तीला वर्षभर उरलं असताना आमचे मोठे साहेब दिल्लीच्या कुठल्याशा परिषदेहून परत आले. ते अत्यंत सरळ आणि अत्यंत शिस्तीचे गृहस्थ होते. सगळं पेन्सिलीनं लिहायचे, म्हणजे चूक झाली तर खोडता यावी, आणि चूक कधी करायचे नाहीत. त्यांनी सोबत लहानसं पोतं आणलं होतं. आत साबुदाण्याएवढे पांढरे दाणे होते. त्याला पॉलिमर म्हणतात, डांबरात शिजवलं की डांबर उन्हात वितळत नाही आणि थंडीत तडकत नाही, आणि परदेशात तर ते घालून जुन्या रस्त्याचा माल परत वापरतात, असं त्यांनी आम्हाला उभं करून समजावलं. मी डोमाजीकडे पाहिलं. त्याचे डोळे मोठे झाले होते. बारा वर्षं खाता-पिता जे एकटाच बडबडत होता ते आज मोठ्या साहेबांच्या तोंडून येत होतं.

त्यानं पोत्यात हात घातला आणि एक दाणा तोंडात टाकला.

"अहो, काय करताय?" साहेब म्हणाले.

डोमाजी बराच वेळ चावत राहिला. मग दाणा हातावर काढून पाहिला. "माल चांगला आहे, साहेब. दात हरले. मी टायरचा भुसा घालतो तो आन हे, जात एकच दिसून राहिली."

साहेबांनी वाकून त्याच्या तळहातावरचा दाणा पाहिला. मग म्हणाले, "बरोबर आहे. जात एकच." अंगठेबहाद्दर मुकादमाला बरोबर आहे म्हणणारा साहेब मी त्यानंतर फारसा पाहिला नाही.

ठरलं ते असं. एका वर्दळीच्या रस्त्यावर दीडशे-दीडशे पावलांचे दोन तुकडे करायचे. एक नेहमीसारखा, नव्या खडीचा, नव्या डांबराचा. दुसरा डोमाजीच्या डोंगरातल्या खपल्या फोडून, पॉलिमर शिजवलेल्या डांबरात घोळून केलेला. पावसाचा जोर ओसरू द्यायचा. पोळा झाला की साहेब स्वतः येऊन पाहणार.

"तुमचा तुकडा सरस निघाला," साहेब म्हणाले, "तर मी वर भांडून हा सगळा ढीग रस्त्यावर घालीन, डेपोत भट्टी बसवीन. नाही तर दिवाळीआधी ढीग उचलून खदानीत टाकायचा. जागा हवी आहे मला."

दिवाळीलाच डोमाजी निवृत्त होणार होता. म्हणजे हा त्याचा शेवटचा पावसाळा, आणि डोंगराचाही.

साहेबांनी एक अट घातली. कुठला तुकडा कुणाचा हे डोमाजीच्या गँगला कळता कामा नये. "तुमची माणसं तुमच्यावर जीव टाकतात. ती काहीतरी करून ठेवतील," असं ते डोमाजीला तोंडावर म्हणाले. म्हणून कामाच्या आठवड्यात आमच्या गँगला पारशिवनीच्या रस्त्यावर धाडलं आणि रस्ता अंथरायला दुसरीकडची गँग आणली. माल झाकून गेला, झाकून पसरला गेला. दोन्ही तुकडे सारखेच काळे, शेवटी फक्त पिवळे दगड, एक आणि दोन. खरं काय ते तिघांनाच माहीत, साहेबांना, मला आणि डोमाजीला. दोन नंबर डोमाजीचा. त्यानं डांबराच्या पिंपावर हात ठेवून सांगितलं की बोलणार नाही, आणि बोलला नाही.

गँगनं जंग जंग पछाडलं. शेवंताबाई म्हणजे बायांची पुढारीण, हिला चहा झाल्याशिवाय दुसरं घमेलं उचलायला कुणी लावू शकत नसे. तिनं डोमाजीसाठी घरून पाटवडीचा रस्सा आणला. डोमाजीनं रस्सा संपवला, बोटं चाटली आणि सांगितलं काहीच नाही. झिंगर म्हणून आमचा रोलर चालवणारा होता, कायम हसरा आणि कायम उशिरा येणारा. त्यानं माझ्याकडून काढून घ्यायचा प्रयत्न केला. मी त्याला हाकललं.

पाऊस त्या वर्षी चांगलाच झाला. पोळ्याच्या आठ दिवस आधी मी स्कूटरवरून तिकडून गेलो आणि ब्रेक दाबला. एक नंबरचा तुकडा, खात्याचा कोराकरकरीत माल, ठिकठिकाणी फुटला होता. मी उतरून मोजले, सतरा खड्डे. आणि दोन नंबर, म्हाताऱ्या खपल्यांचा, तसाच्या तसा. मी स्कूटर पळवत डेपोत आलो.

"पाहून आलो मी सकाळीच," डोमाजी म्हणाला. तो हसत नव्हता, पण टोपी धुतलेली होती. "कुठं बोलू नका, साहेब. मोठ्या साहेबाले सोताच्या डोळ्यानं पाहू द्या."

मोठे साहेब तेव्हा दौऱ्यावर होते. ते आठ दिवस डोमाजीनं कसे काढले ते मी पाहिलं आहे. भिंतीशी जागा झाडून त्यानं खडूनं भट्टीचा नकाशा काढला. भट्टी इथं, माल इथं, घोटायला माणूस इथं. त्या नकाशातून जायचं नाही, वळसा घालून जायचं, असा त्याचा हुकूम होता. गँग मुकाट वळसा घालायची. शेवंताबाई तर चहा न मागता घमेली उचलायला लागली आणि झिंगर वेळेवर यायला लागला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरं लाकडाचे बैल सजवून घरोघर हिंडतात, आणि बैल दाखवणाऱ्याच्या हातावर आपण चार पैसे ठेवायचे, त्याला बोजारा म्हणतात. दुपारी पुरणपोळी खाऊन मी धरमपेठेतल्या माझ्या खोलीच्या गॅलरीत उभा होतो. पोरांची रांग चालली होती. आणि रांगेच्या शेवटी, घडघडत, आमच्या खात्याचा रोलर.

पुढच्या चाकावर चुन्यानं मोठे डोळे काढलेले. वर बांबूची शिंगं, शिंगांना फुगे, पाठीवर शेवंताबाईच्या नव्या लुगड्याची झूल. झिंगर फेटा बांधून आत बसलेला. मागून आमच्या बाया डोक्यावर घमेली घेऊन, घमेल्यांवर ओली गोणपाटं आणि त्यांतून वाफा. मला वाटलं, मसालेभात असेल. लोक टाळ्या वाजवत होते. चौकातल्या मंडळानं सगळ्यांत सुंदर बैल म्हणून रोलरला पहिला नंबर दिला.

"साहेब, बोजारा," झिंगर खालून ओरडला.

मी हसत हसत खाली जाऊन त्याच्या हातावर रुपया ठेवला. आता बोला.

त्यानंतर दोन दिवसांनी मोठे साहेब आले. हातात छत्री, खिशात डायरी, कानावर पेन्सिल. मागे मी, माझ्यामागे डोमाजी, अनवाणी. पलीकडच्या झाडाखाली आमची गँग गवत उपटण्याचं काम करत होती. त्या जागी गवत नव्हतं.

आम्ही एक नंबरवर चढलो. मी खड्डे शोधायला लागलो. एकही खड्डा नव्हता. सतरांतला एकही नाही. सगळीकडे सारखा, धुळकट, गुळगुळीत रस्ता.  मी वळून पाहिलं तर डोमाजी थांबला होता. त्यानं टाच दाबली. दोन पावलं जाऊन परत दाबली. मग डोळे मिटून उभा राहिला. डोळे उघडले तेव्हा तो रस्त्याकडे नाही, झाडाखालच्या माणसांकडे पाहत होता, आणि ती सगळी माणसं मोठ्या आशेनं त्याच्याकडे.

साहेब खाली बसले, हात फिरवला. नेमका एका बुजवलेल्या खड्ड्यावर. "फार सफाईदार काम आहे इथं," ते म्हणाले. मग दोन नंबरवर गेले, तिथंही हात फिरवला. उठून डायरी काढली. "फरक दिसत नाही."

मी तोंड उघडलं. "साहेब, मागच्या आठवड्यात मी इथं..."

माझ्या बुटावर डोमाजीची टाच पडली. ती टाच साधी नव्हे, तिच्याखाली पस्तीस वर्षांचे रस्ते होते. माझं वाक्य तिथंच मेलं.

"फरक नाही, म्हनूनच तं, साहेब," डोमाजी शांतपणे म्हणाला. "जुन्या मालाचा रस्ता नव्याच्या बरोबरीचा निघाला. मंग नवा माल काहून आनायचा?"

साहेब खरोखर विचारात पडले. पेन्सिल बराच वेळ कागदावर टेकून राहिली. "मुद्दा चांगला आहे, डोमाजी. पण हा पॉलिमर आपल्याकडे मिळत नाही, मुद्दाम मागवावा लागतो. सरस ठरला असता तर मी वर जाऊन भांडलो असतो. बरोबरीसाठी मला कुणी दारात उभं करणार नाही." आणि त्यांनी लिहिलं. त्या दिवशी त्यांनी काही खोडलं नाही.

साहेबांची जीप गेल्यावर मी डोमाजीला चहाच्या ठेल्यावर ओढत नेलं. मी संतापलो होतो.

"काहून थांबवलं मले?"

"बुजवले त्याहिनं. सतराच्या सतरा. पायानं मोजले मी."

"कोणी?"

त्यानं दोन बोटं दाखवून चहा मागवला. माझ्या डोळ्यांपुढे फुगे लावलेला रोलर आला, वाफाळती घमेली आली, माझा रुपया आला. डेपोत उरलेला डोमाजीचा अर्धा पिंप माल कुठं गेला तेही कळलं. बाकी सगळं पुढे झिंगरनंच मला सांगितलं. सगळं गाव पोरांच्या बैलांमागे असताना रोलर तसाच पुढे नेऊन त्यांनी तासाभरात काम उरकलं आणि वर माती भुरभुरून मोकळे झाले.

"मी आत्ता जातो साहेबांकडे," मी उठलो. "सांगतो, हा तुकडा फुटला होता."

"जा. साहेब विचारंल, बुजवला कोनं? शेवंता रोजंदारीवर. झिंगर रोजंदारीवर. सरकारी रोलर शिंगं लावून गावातून फिरवला म्हनून एका दिवसात घरी बसतीन दोघं. बाकीच्या बायाही जातीन."

मी बसलो.

डोमाजीनं बशीत चहा ओतला आणि एकाएकी हसायला लागला. "पन काम पाहिलं का, साहेब? अठरा वर्षं बोंबलून राहिलो मी, काठ सरळ कापा, आतला कचरा झाडा, मंग माल भरा. एक दिवस आयकलं नाही मायच्यानं. आन परवा कोनी सांगितलं नाही तं सगळं बराबर. एकाचाही काठ पायाले लागला नाही. मोठ्या साहेबानं हात फिरवून वा म्हटलं न, तो माल माहा, आन हातही माह्याच लोकाहिचा." तो खरंच खूश होता. बशी संपेपर्यंत खूश होता. मग बशी खाली ठेवली.

"एकच गोष्ट मनाले लागली. फुटलेला तुकडा पाहिला आन त्याहिले वाटलं का तो माहाच असंल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी चहाच्या वाफेवर ढकललं.

दिवाळीच्या आठवडाभर आधी डोंगर उचलायला ट्रक आले. हुकूमच तसा होता. उचलायला माणसं आमचीच. तीन दिवस काम चाललं. डोमाजी भिंतीशी उभा राहून खपल्या नीट भरून घेत होता, खदानीत टाकायच्या असल्या तरी. निंबाचं झाड मात्र त्यानं मुळासकट काढून पिंपात लावलं. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा तळाचे दोन-चार ढीग उरले होते.

शेवंताबाई पदरानं घाम पुसत त्याच्याजवळ आली. "जाऊ द्या, डोमाजी. डोंगर गेला तं गेला. इज्जत तं राहिली न."

झिंगरला राहवलं नाही. इतके दिवस पोटात ठेवलेलं, ते त्याच्या पोटाबाहेरचं काम होतं. "मुकादम, आता तुमी रिटायर होऊन राहिले, म्हनून सांगतो. रागवू नका. तुमचा तुकडा फुटला होता, सतरा जागी. तुमाले मान खाली घालावी लागली असती. म्हनून आमी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तो भरला."

सगळ्या बाया काम सोडून उभ्या राहिल्या. मी पुढे झालो. मला ओरडून सांगायचं होतं, की गाढवांनो, त्याचा तुकडा फुटलाच नव्हता, अजूनही फुटलेला नाही, तुम्ही ज्याला वाचवायला गेलात त्याचंच काम मातीत घातलंत. डोमाजीनं त्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी जागच्या जागी थांबलो.

"माहा तुकडा फुटला होता?" त्यानं विचारलं. नाटक त्याला मुळीच जमत नव्हतं. पण समोरची माणसं आनंदात होती, त्यांना ते दिसलं नाही.

"सतरा जागी," शेवंताबाई म्हणाली.

"आन मले पत्ता नाही." त्यानं टोपी काढली, काखेत धरली आणि त्यांच्यापुढे हात जोडले. "तुमी नसते तं मी कोनाले तोंड दाखवलं असतं गा. फार उपकार झाले."

झिंगर लाजून दुसरीकडे पाहायला लागला. शेवंताबाई म्हणाली, "उपकार कायचे, आपलाच मानूस." आणि मग सगळे परत कामाला लागले.

शेवटच्या घमेल्यात शेवंताबाईनं उरलेल्या खपल्या भरल्या आणि हात द्यायला कुणी आहे का ते पाहायला लागली. डोमाजी पुढे झाला. त्यानं दोन्ही हातांनी ते घमेलं उचललं आणि सांभाळून तिच्या डोक्यावर ठेवलं.